दाखल क्रमांक नसलेला सिनेमा

आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात, शब्दकोशांच्या शेजारी एक काळा, चकचकीत, पाठीला फुगवटा असलेला खोका कित्येक वर्षे होता. घरी येणाऱ्याचे लक्ष त्याकडे हमखास जाई. "मुलांचा व्हिडिओ गेम वाटतं?" असा प्रश्न येई आणि "नाही, माझा आहे," असे मी म्हणाले की समोरच्या चेहऱ्यावर जो भाव उमटे, तो मराठीच्या प्राध्यापिकेविषयी फारसा आदर व्यक्त करणारा नसे. तो खोका म्हणजे 'प्लेस्टेशन 3'. माझा धाकटा भाऊ 2013 साली अमेरिकेतून कायमचा परत आला, तेव्हा त्याच्या सामानातून तो आला. "ताई, मला आता खेळायला वेळ नाही. पण तू ह्याच्यावर सिनेमे बघ," असे सांगून त्याने तो माझ्या हवाली केला आणि सोबत कुरोसावाच्या 'राशोमोन'ची ब्लू-रे तबकडी दिली. त्या यंत्रावर मी आजतागायत एकही खेळ खेळलेले नाही. मात्र चित्रपट पाहणे आणि चित्रपट वाचणे यांत फरक आहे, हे मला प्रथम त्या खेळण्याने शिकवले.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, असली खेळणी आता तबकड्या वाचेनाशी होत चालली आहेत, आणि साहित्याच्या अध्यापकांना त्याची खंत वाटायला हवी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. एम.ए.च्या अभ्यासक्रमांत आपण माध्यमांतराची अभ्यासपत्रिका लावतो, कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांची तुलना करायला सांगतो. कादंबरीच्या प्रती ग्रंथालयात असतात. चित्रपटाची प्रत कुठे असते?

या प्रश्नाकडे येण्यापूर्वी खेळाचे यंत्र आणि सिनेमा यांची सोयरीक कशी जुळली, ते थोडक्यात पाहू. मार्च 2000 मध्ये जपानमध्ये 'प्लेस्टेशन 2' विक्रीस आले, ते 39,800 येनला. त्यावर खेळ तर चालतच, पण डीव्हीडीही चाले. तेव्हा नुसता डीव्हीडी प्लेअर घेणे ही सामान्य घराला चैन वाटत होती. त्यामुळे मुलासाठी खेळ आणि आईवडिलांसाठी सिनेमा असा दुहेरी हिशेब घालून अनेक घरांनी ते यंत्र विकत घेतले. सहा वर्षांनी, नोव्हेंबर 2006 मध्ये, 'प्लेस्टेशन 3' आले. अमेरिकेत त्याची किंमत 499 आणि 599 डॉलर होती. खेळाच्या यंत्राला ही किंमत भारीच, आणि त्यावरून टीकाही पुष्कळ झाली. परंतु त्याच वर्षी तिथे बाजारात आलेल्या ब्लू-रे प्लेअरला सुमारे 1000 डॉलर मोजावे लागत होते. म्हणजे ज्याला फक्त सिनेमा पाहायचा होता, त्यालाही खेळणे घेणेच स्वस्त पडत होते.

त्या काळी दोन तबकड्यांमध्ये झुंज लागलेली होती. एका बाजूला ब्लू-रे, दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एक्सबॉक्स 360'साठी एचडी डीव्हीडी वाचणारा जोड-खोका काढला खरा, पण तो वेगळे 199 डॉलर देऊन घ्यायचा होता. सोनीने ब्लू-रे यंत्राच्या पोटातच बसवून दिला. ज्याने निव्वळ खेळासाठी यंत्र घेतले, त्याच्याही घरात ब्लू-रे न बोलावता पोहोचला. 2008 च्या जानेवारीत वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी थांबवत असल्याचे जाहीर केले. या निकालाची कारणे अनेक आहेत, पण घरोघरी आधीच जाऊन बसलेले हे खेळणे हे त्यांतले एक ठळक कारण होते.

यातले अर्थकारण लक्षात घेण्याजोगे आहे. ही यंत्रे सुरुवातीला खर्चापेक्षा कमी किमतीला विकली जात आणि तूट पुढे खेळांच्या विक्रीतून भरून काढली जाई. म्हणजे माझ्यासारखी व्यक्ती जेव्हा त्या यंत्रावर केवळ 'राशोमोन' पाहते, तेव्हा तिच्या वाट्याचा खर्च कुठल्यातरी अनोळखी मुलाने मोटारींच्या शर्यतीचा नाहीतर फुटबॉलचा खेळ विकत घेऊन भरलेला असतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1841 साली मराठी पंचांग छापून विकायला आणले. पंचांगे आणि शालेय पुस्तके यांच्या खपावर छापखाने उभे राहिले आणि त्या छापखान्यांतून पुढे वाङ्मय बाहेर पडले. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली उत्तमोत्तम कथा-कविता जाहिरातींच्या पानांना टेकूनच वाचकांपर्यंत आली आहे. गंभीर कला बहुधा दुसऱ्याच्या गाडीतून प्रवास करते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र गाडीवाला कुठे वळतो, यावर लक्ष ठेवावे लागते.

आता 'राशोमोन'कडे वळते. 1950 चा हा चित्रपट अकुतागावाच्या दोन कथांवर बेतलेला आहे. नाव आणि भग्न वेशीचे वातावरण 1915 च्या 'राशोमोन' या कथेतून आले आणि घटना 1922 च्या 'यबु नो नाका', म्हणजे 'झाडीत', या कथेतून. झाडीत एका सामुराईचा मृत्यू झालेला आहे. कथेत सात जबान्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कथाकार आपल्याला तिथेच सोडून निघून जातो. कुरोसावाने लाकूडतोड्याला दुसऱ्यांदा बोलते केले आणि त्याची नवी जबानी शेवटी ठेवली. अविश्वसनीय निवेदक ही संकल्पना वर्गात शिकवायची तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पहिल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना घरी बोलावून तो चित्रपट एका बैठकीत दाखवला. चर्चा बरी झाली. लाकूडतोड्याला सगळ्यांनी सज्जन ठरवले, कारण अखेरीस तो टाकून दिलेले मूल उचलून घेतो. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, खंजीर त्यानेच चोरला असेल, तर सुरुवातीला तो काय बोलला होता?" आम्ही मागे गेलो. पहिल्या साक्षीत लाकूडतोड्या न्यायालयासमोर बसलेला आहे. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. न ऐकू आलेला प्रश्न लाकूडतोड्या स्वतःच उच्चारतो आणि तलवार वगैरे काही दिसले नाही, असे उत्तर देतो. आम्ही चित्र तिथे थांबवले. पुन्हा मागे नेले, पुन्हा पाहिले. तो चेहरा पहिल्या वेळी साध्या, भेदरलेल्या माणसाचा होता, दुसऱ्या वेळी तो खोटे बोलणाऱ्याचा झाला. पडद्यावर काहीच बदललेले नव्हते. मग एकाच्या लक्षात आले की न्यायाधीशाच्या जागी आपणच बसलेलो आहोत, प्रत्येक साक्षीदार आपल्याकडे तोंड करून बोलतो आहे. त्या संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी मिनिटांच्या चित्रपटाला आम्हांला साडेतीन तास लागले.

पुनर्वाचन म्हणतात ते हेच. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. संहिता स्थिर हवी, ती हाताशी हवी, आणि पान उलटून मागे जाण्याचा अधिकार वाचकाचा हवा. चित्रपटगृहात यांतली तिसरी गोष्ट नसते. स्ट्रीमिंगवर तिसरी असते, पण पहिल्या दोहोंची शाश्वती नसते. पुढे एका वर्षी मी एका स्ट्रीमिंग सेवेवरच्या चित्रपटावर सत्राचे नियोजन केले. टिपणे वाटली, प्रश्न काढले, आणि ऐन तासाच्या सकाळी तो चित्रपट यादीतून नाहीसा झालेला होता. त्या तासाला मी चित्रपटाची गोष्ट सांगितली. ज्या अभ्यासपत्रिकेत गोष्ट आणि तिची मांडणी यांतला भेद शिकवायचा, तिथेच मला नुसती गोष्ट सांगावी लागली. याची लाज मला अजून वाटते.

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. खेळाचे यंत्र हा काही आदर्श सिनेमा-प्लेअर नव्हे. आमचे यंत्र वीज खाई, तापे, आणि नेमक्या शांत प्रसंगात त्याचा पंखा घरघरू लागे. त्याला साध्या रिमोटचे संकेत कळत नसत, त्यामुळे खेळाच्या दांड्याने चित्रपट पुढेमागे करावा लागे. यंत्र अमेरिकेतले असल्यामुळे तिथल्या विभागाच्या तबकड्या चालत. डीव्हीडीच्या वाटणीत भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या, म्हणून इथे घेतलेल्या काही डीव्हीडी ते नाकारी. जगाचे असे तुकडे पाडून कला विकणाऱ्या व्यवस्थेची भलामण मी करणार नाही.

परंतु सर्वांत बोचरा आक्षेप वेगळाच आहे. ते यंत्र ब्लू-रे वाची, डीव्हीडी वाची, पण व्हिडिओ सीडी वाचत नसे. आणि आमच्या घरातले मराठी चित्रपट होते ते बहुतेक व्हिडिओ सीडीवर! मोझर बेअरने 2007 च्या सुमारास व्हिडिओ सीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली, तेव्हा आम्ही हौसेने खरेदी केली होती. त्या स्वस्ताईचे उपकार मी विसरलेले नाही. पण व्हिडिओ सीडीवरचे चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचे, ब्लू-रेवरचे 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे. एकात चेहरा दिसतो, दुसऱ्यात चेहऱ्यावरचा घाम दिसतो. ज्या यंत्रावर बाराव्या शतकातला जपान लख्ख दिसे, त्यावर माणदेश मात्र दिसेना. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (1955) प्रती आमच्या ग्रंथालयात भरपूर आहेत. अमोल पालेकरांचा त्यावरचा चित्रपट (1995) वर्गात दाखवावा अशी प्रत आमच्याकडे नव्हती. ब्लू-रेवर मराठी चित्रपट फारच थोडे आले. तबकडीचे युग येऊन गेले आणि आपल्या चित्रपटांनी त्याचा लाभ घेतला नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही यातून तबकडी निरुपयोगी ठरत नाही. आपण तिची मागणीच केली नाही, एवढेच यातून सिद्ध होते. मागणी करणारा वर्ग कोणता असायला हवा होता? तो आपलाच, अध्यापकांचा.

चांगल्या प्रतीने काय साधते, हे सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीवरून दिसते. त्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. पुढे त्या जळक्या रिळांतून बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी जे वाचवता आले ते वाचवले, उरलेले इतर प्रतींवरून भरून काढले, आणि 2015 मध्ये अमेरिकेत ती त्रयी ब्लू-रेवर आली. 'पथेर पांचाली'तले काशाचे रान मी त्या खेळण्यावर पाहिले, तेव्हा कळले की पूर्वी मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते. आपल्याकडे जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली. तेव्हा जे जळून गेले, त्याच्या चांगल्या प्रती आधीच शंभर ठिकाणी विखुरलेल्या असत्या, तर त्या आगीचा घाव इतका खोल गेला नसता.

इथे पाठचिकित्सेचा मुद्दा येतो. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरलेले पाहून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. महत्त्वाचे हे की त्यांनी आपण हे केल्याचे काळासह नोंदवून ठेवले आणि पुढे कोणी यात स्वतःची भर घालू नये असेही बजावले. म्हणजे संपादकाने आपला हात दाखवला. आता याच्या उलट उदाहरण पाहा. 'द फ्रेंच कनेक्शन' (1971) या चित्रपटातील वंशवाचक शिव्या असलेला एक छोटा भाग स्ट्रीमिंगवरच्या प्रतींतून वगळला गेल्याचे 2023 मध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आले. तो भाग असावा की नसावा, यावर वाद होऊ शकतो. परंतु कापल्याची सूचना कुठेही नव्हती. ज्यांच्या कपाटात जुनी तबकडी होती, त्यांनाच 'इथे काहीतरी होते' हे सिद्ध करता आले. पुस्तकेही यातून सुटलेली नाहीत. जुलै 2009 मध्ये अॅमेझॉनने हक्काच्या वादामुळे ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या. त्यांतले एक '1984' होते.

आणि ज्या प्लेस्टेशनचे मी इतके गोडवे गायले, त्याच्याच दुकानातही हे घडले आहे. त्याने 2021 च्या ऑगस्टअखेर चित्रपट विकणे व भाड्याने देणे थांबवले. 2022 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ग्राहकांना कळवण्यात आले की त्यांनी पैसे मोजून घेतलेले एका वितरकाचे चित्रपट आता त्यांना पाहता येणार नाहीत. 2023 च्या डिसेंबरात अशीच दुसरी सूचना निघाली. ओरड झाल्यावर आणि नवा करार झाल्यावर ती मागे घेतली गेली. एकाच यंत्रात दोन वाटा होत्या. तबकडीच्या वाटेने आलेला चित्रपट घरात राहिला आणि तारेच्या वाटेने आलेला पाहुणा ठरला.

आता ती पहिली वाटच बंद होऊ घातली आहे. 2020 मध्ये 'प्लेस्टेशन 5' आले, तेव्हा त्याचा एक प्रकार तबकडीविनाच होता. 2024 च्या नोव्हेंबरात आलेल्या 'प्रो' या महागड्या प्रकारात तबकडीची खाच मुळी नाहीच. हवी तर वेगळी विकत घेऊन जोडायची, आणि जोडल्यावर ती एकदा इंटरनेटवरून नोंदवून घ्यायची. ओप्पोने 2018 मध्ये प्लेअर बनवणे सोडले, सॅमसंगने 2019 मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवे प्लेअर आणणे थांबवले. ज्या खेळण्याने सिनेमाला खांद्यावर बसवून घरोघर नेले, ते आता त्याला खाली उतरवत आहे. व्यापाराच्या दृष्टीने त्याचे काही चुकले असेही नाही. त्याने सिनेमाचे व्रत घेतले नव्हते. व्रत ज्यांनी घेतले आहे, त्यांनी आता उचलून घ्यायला हवे.

माझे म्हणणे फार मोठे नाही. ज्या महाविद्यालयात चित्रपट हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिथल्या ग्रंथालयाने त्या चित्रपटांच्या तबकड्या, मिळतील तितक्या, पुस्तकासारख्या विकत घ्याव्यात. त्या वाचणारे एखादे यंत्र चालू स्थितीत ठेवावे, मग ते जुने खेळणे असले तरी चालेल. अभ्यासपत्रिकेत कादंबरीची आवृत्ती लिहितो तशी चित्रपटाचीही प्रत लिहावी. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चित्रांच्या वेगाने पळतो आणि 'राशोमोन'सारखा चित्रपट साडेतीन मिनिटे आधी संपतो. हाही पाठभेदच आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांपुरता चित्रपट दाखवण्याची मुभा आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. स्ट्रीमिंग सेवांच्या अटी मात्र बहुधा वैयक्तिक वापरापुरत्या असतात. म्हणजे वर्गापुरती तरी कायद्याची बाजूही तबकडीकडेच आहे.

मी हे करून पाहिले. भावाच्या संमतीने ते यंत्र आणि माझ्याजवळच्या एकतीस तबकड्या महाविद्यालयाला देऊ केल्या. समितीत पहिला प्रश्न आला की व्हिडिओ गेम मराठी विभागाला कशाला? दुसरी सूचना आली की तो जिमखान्याकडे द्यावा. अखेर यंत्र स्वीकारले गेले आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'व्हिडिओ गेम, जुना, नग 1' अशी नोंद झाली. तबकड्यांची नोंद मात्र कुठेच झाली नाही. ग्रंथपाल सज्जन आहेत, पण त्यांचे म्हणणे असे की दाखल क्रमांक पुस्तकाला देतात. ही पुस्तके नव्हेत. त्यामुळे अकुतागावाच्या कथासंग्रहाला दाखल क्रमांक आहे आणि त्या कथेचे सर्वांत समर्थ वाचन ज्याने केले, त्या कुरोसावाच्या चित्रपटाला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात, तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांखाली आहे. उद्या माझी बदली झाली, तर तो खण रिकामा करणाऱ्याला ती रद्दी वाटली तर त्याचा दोष नाही.

जूनमध्ये ग्रंथालय समितीची बैठक आहे. मी पुन्हा अर्ज देणार आहे. या वेळी अर्जात खेळाचा, यंत्राचा, तंत्रज्ञानाचा उल्लेख करणार नाही. 'संहिता, प्रती 31, दाखल क्रमांक द्यावेत' एवढेच लिहीन. वाचकांपैकी कोणाच्या महाविद्यालयात असा क्रमांक आधीच दिला गेला असेल, तर ती नोंद कोणत्या रकान्यात केली, हे कृपया कळवावे.